चारशे ऐंशीचे ओझे

या सदराकडे आलेल्या पत्राचा सारांश असा: गगनबावडा रस्त्याकडच्या एका नदीकाठच्या गावातला सतरा वर्षांचा मुलगा बारावी विज्ञानला आहे. नीटच्या, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या, तयारीसाठी तो दीड वर्षापासून कोल्हापुरात, राजारामपुरीत कॉट बेसिसवर राहतो. वडिलांचा, म्हणजे आबांचा, अडीच एकर ऊस आहे आणि आई दोन म्हशींचे दूध डेअरीला घालते. क्लासची फी ऊसबिलातून आणि सोसायटीच्या कर्जातून हप्त्याहप्त्याने भरली जाते. शेवटचा हप्ता जानेवारीत आहे. सराव परीक्षांत त्याला ७२० पैकी २१० च्या आसपास गुण पडतात, घरी मात्र त्याने ४८० सांगितले आहेत. थोरल्या बहिणीला बारावीनंतर शिकवले नाही, कारण ‘याच्यासाठी पैसे लागतील’. ती आता लग्न होऊन इचलकरंजीत असते. गावात सगळे त्याला ‘डॉक्टर’ म्हणून हाक मारतात, म्हणून दिवाळीनंतर तो घरी गेलेला नाही. तो लिहितो, ‘मला डॉक्टर व्हायचे आहे की नाही हेच कळत नाही. दुसरे काही व्हायचे आहे असेही नाही. सगळ्यांना आपापले माहीत आहे, मीच असा का? रात्री पडल्यावर वाटते की सकाळ होऊच नये. मी काय करू?’

तुझे पत्र चार पानांचे आहे आणि अक्षर एकसारखे आहे. खाडाखोड फक्त एका ठिकाणी आहे. ‘सकाळ होऊच नये’ हे वाक्य तू दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिले आहेस, म्हणून आधी त्याविषयीच बोलते.

हे वाक्य माणूस दोन अर्थांनी लिहितो. कधी उद्याची टेस्ट नको असते, अंगातले त्राण संपलेले असते, आणि कधी खरोखरच जगणे नकोसे वाटू लागलेले असते. तुझा अर्थ कोणता, हे मला पत्रावरून ठरवता येत नाही, आणि रात्री दोन वाजता एकटे पडल्यापडल्या तुलाही ते नीट ठरवता येणार नाही. दुसऱ्या अर्थाचा अंश जरी त्यात असेल, तर पुढचे सगळे बाजूला ठेव आणि आजच कोणाला तरी तोंडाने सांग: ताईला, खोलीवरच्या थोरल्या मुलाला, नाहीतर ज्यांच्याविषयी तू इतक्या आपुलकीने लिहिले आहेस त्या मेसच्या मावशींना. १४४१६ हा ‘टेली-मानस’चा, मनाच्या त्रासात मदतीसाठीचा, सरकारी क्रमांक आहे, तो चोवीस तास चालतो, त्याला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे आणि राजारामपुरीतून ते लांब नाही. तिथे जाणे म्हणजे वेड लागणे नव्हे, हे तुझ्या पिढीला खरे तर सांगावे लागू नये. पण गावाकडे अजून सांगावे लागते, म्हणून सांगितले. आणि पहिल्या खेपेला ज्याला सांगितले त्याने ‘असले काही मनात आणू नकोस’ एवढे म्हणून विषय टाळला, तर गप्प बसू नकोस, दुसऱ्याला सांग.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते.

‘सगळ्यांना आपापले माहीत आहे’ असे तू म्हणतोस. हे तुला कशावरून कळले? क्लासमधल्या मुलांना ‘पुढे काय?’ विचारले की ती ‘नीट’ म्हणतात, यावरून. पण विचारल्यावर तूही तेच म्हणतोस, म्हणजे शेजारच्या बाकावरच्या मुलाच्या लेखी तूसुद्धा ‘ज्याला माहीत आहे’ अशांपैकीच एक आहेस. कदाचित तोही रात्री खोलीवर जाऊन स्वतःला हेच विचारत असेल की मीच असा का. मी तीस वर्षे महाविद्यालयात शिकवले. अकरावीला ठाम उत्तर देणाऱ्या मुलांपैकी थोड्यांचे उत्तर त्यांचे स्वतःचे असायचे. उरलेल्यांचे मामांचे, काकांचे किंवा शेजारच्या मुलाच्या निकालाचे असायचे. तुझ्या वहीच्या पहिल्या पानावर तुझ्या नावाआधी काकांनी लाल स्केचपेनने ‘डॉ.’ लिहून दिले आणि ती वही तू उलटीकडून वापरायला घेतलीस, हे तू एका ओळीत सांगून पुढे गेला आहेस. ते पान तू फाडले नाहीस आणि उघडतही नाहीस. माझ्या मते तुझी सध्याची अवस्था तुझ्या उरलेल्या चार पानांपेक्षा त्या एका ओळीत जास्त कळते.

मोठ्या माणसांची उदाहरणे देऊन मुलांना गप्प करणे मला आवडत नाही, पण एक कोल्हापुरातलेच आहे आणि ते तुझ्या बाजूचे आहे. पुढे मूकपट काढणारे बाबूराव पेंटर १८९० साली जन्मले. ते सतरा वर्षांचे असताना कोणी त्यांना ‘पुढे काय?’ विचारले असते, तर ‘चित्रपट काढणार’ असे उत्तर त्यांना देताच आले नसते, कारण या देशातला पहिला मोठा मूकपट आला तो १९१३ मध्ये. ते नाटकांचे पडदे रंगवत होते; जे हाताशी होते ते करत होते. प्रत्येक पडदे रंगवणारा पुढे बाबूराव पेंटर होतो, असे यातून मुळीच सिद्ध होत नाही. सतराव्या वर्षीच्या उत्तरावर माणसाचे पुढचे आयुष्य बेतलेले नसते, इतपतच मला त्यातून घ्यायचे आहे.

तुझे पत्र दुसऱ्यांदा वाचताना माझ्या लक्षात आले की तू दोन वेगळ्या गोष्टींची एकच गाठ मारली आहेस. पुढे काय व्हायचे हे माहीत नसणे ही एक गोष्ट, आणि घरी ४८० सांगणे ही दुसरी. पहिलीला तू दोष समजतोस, आणि तो दोष झाकायचा म्हणून दुसरी करून बसलास. माझ्या मते पहिल्या गोष्टीत दोष नाही आणि तिला घाईही नाही. झोप उडवते आहे ती दुसरी. दर पंधरा दिवसांनी नवी टेस्ट होते, दर वेळी ४८० च्या जवळपासचा आणि पटेल असा नवा आकडा शोधावा लागतो, मागच्या वेळी काय सांगितले होते हे लक्षात ठेवावे लागते. हा तर तुझा वेगळाच एक विषय होऊन बसला आहे, आणि त्याचा अभ्यास तू बाकीच्या तीन विषयांपेक्षा मन लावून करतो आहेस. एवढे डोक्यात असताना कोणालाही आपल्याला काय आवडते हे कळणार नाही. म्हणून भविष्याचा प्रश्न तूर्त राहू दे, आधी आकडा खरा कर.

यावर तू म्हणशील, आबा खचतील. तू लिहिलेच आहेस तसे. पण त्याच पत्रात हेही आहे की २०२१ च्या जुलैमधल्या पुरात उभा ऊस आठवडाभर पाण्याखाली राहून कुजला, तेव्हा आबांनी दोन दिवस कोणाशी बोलणे टाकले आणि तिसऱ्या दिवशी सोसायटीत जाऊन पुढच्या लागणीची चौकशी केली. हा माणूस मुलाचे टेस्टचे गुण ऐकून कोसळेल, असे तू का धरून चालतोस? त्यांना वाईट वाटेल, राग येईल, कदाचित ते जेवणावरून उठून जातील. ते होऊ दे. पण जानेवारीचा हप्ता भरून झाल्यावर आणि नीटचा निकाल समोर आल्यावर तेच कळले, तर गुणांपेक्षा तू इतके महिने त्यांना अंधारात ठेवलेस हे त्यांना जास्त लागेल. आणखी एक. दर रविवारी त्यांचा फोन येतो आणि ते ‘आधी जेवलास काय विचारतात, मग मार्क’ असे तू लिहिले आहेस. त्यातला ‘आधी’ हा शब्द तुझ्या हातून सहज पडला असेल, पण मला तो महत्त्वाचा वाटतो.

त्याहून अवघड गोष्ट ताईची आहे. तिचे शिक्षण माझ्यामुळे थांबले, आता मी डॉक्टर झालो नाही तर तिचेही वाया गेले, असे तुझे गणित दिसते. मुला, ताईला न शिकवण्याचा निर्णय तू घेतलेला नाहीस. तेव्हा तू शाळेत होतास. तो मोठ्यांचा निर्णय होता, आणि स्पष्टच सांगायचे तर तो चुकीचा होता. अशा घरांत तो अजूनही प्रेमापोटी, नाइलाजाने, हिशेब मांडून घेतला जातो आणि हिशेबात मुलीचे नाव नेहमी खर्चाच्या बाजूला पडते. तुझ्या एमबीबीएसने तो दुरुस्त होणार नाही. ताईचे जे राहिले ते ताईचे आहे. ते तिला पुरे करायचे असेल तर बारावी झालेल्या मुलीला शिवाजी विद्यापीठाच्या दूरशिक्षणातून किंवा मुक्त विद्यापीठातून आजही पदवी घेता येते. तू तिला त्या फॉर्मची माहिती काढून दिलीस, तर तुझ्या अपराधीपणापेक्षा ती तिच्या जास्त उपयोगी पडेल. आणि तुझ्या घरात असे एकच माणूस आहे ज्याला अपेक्षा म्हणजे काय आणि त्या मोडणे म्हणजे काय, हे दोन्ही ठाऊक आहे. आबांच्या आधी तिला सांग. ती रागावेल असे मला वाटत नाही. रागावलीच, तर तो तिचा हक्क आहे, आणि तोही तू ऐकून घ्यावास.

आबांना सांगायचे ते फोनवर नको. फोनवर दुसऱ्याचा चेहरा दिसत नाही, आणि तुझी सवय अशी झाली आहे की पलीकडून शांतता आली की तू काहीतरी बरे वाटणारे बोलून टाकतोस. शनिवारी दुपारी रंकाळा स्टँडवरून गाडी धर. शेवटच्या चार टेस्टचे निकालाचे कागद बरोबर घे, म्हणजे बोलता बोलता आकडा गोड करण्याची सोय राहणार नाही. रात्री जेवणे झाल्यावर, आई समोर असताना, एवढेच म्हण: ‘आबा, मी तुम्हाला मार्क खोटे सांगितले. खरे हे आहेत.’ आणि थांब. कारणे, क्लास कसा आहे, सर कसे आहेत, हे त्यांनी विचारल्यावर. ‘मला डॉक्टर व्हायचेच नाही’ हे वाक्य त्या रात्री बोलू नकोस, कारण ते खरे आहे की नाही हे तुलाच माहीत नाही, आणि एक खोटे मोडताना दुसरे अर्धवट खरे मध्ये घुसवले की बोलणे भलतीकडेच जाते. ‘मग आता काय करायचं म्हणतोस?’ असे त्यांनी विचारले, तर ‘बोर्डाची परीक्षा नीट देतो, सीईटी देतो, नीटलाही बसतो, आणि निकाल लागल्यावर तुमच्याबरोबर बसून ठरवतो’ हे उत्तर पुरेसे आहे आणि प्रामाणिकही आहे.

जानेवारीच्या हप्त्याचे काय, हे तुम्ही दोघांनी मिळून ठरवा. माझे मत विचारशील तर २१० गुणांवर, परीक्षेला चार-पाच महिने उरले असताना, कर्जाच्या पैशांतून आणखी हप्ता भरण्याआधी क्लासमध्ये जाऊन सरळ विचारावे की या मुलाचे पुढे काय होईल असे तुम्हाला वाटते. भरलेल्या पैशांचेही विचारा. मध्येच क्लास सोडणाऱ्या विद्यार्थ्याला उरलेल्या काळाच्या प्रमाणात शुल्क परत करावे, असे केंद्र सरकारच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. प्रत्यक्षात काय पदरात पडेल हे क्लासवर अवलंबून असते, पण त्या सूचनांचा हवाला देऊन विचारायला संकोच कसला?

अभ्यासाचे थोडक्यात सांगते, कारण ते तुला क्लासवाले माझ्याहून चांगले सांगतील. फेब्रुवारीतल्या बोर्डाच्या परीक्षेकडे आता सगळे लक्ष दे. नीटच्या धांदलीत ती दुय्यम मानली जाते, पण कुठल्याही प्रवेशाला बारावीचे गुण लागतात, आणि राज्याच्या सीईटीत सुमारे ८० टक्के भार बारावीच्या अभ्यासक्रमाचा असतो. तिथे चुकीच्या उत्तराला गुण वजाही होत नाहीत. एकाच अभ्यासात दोन कामे होतात. नीटचा ढोबळ हिशेबही एकदा शांतपणे मांडून बघ: देशभरातून वीस लाखांहून जास्त मुले बसतात आणि एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास आहेत. म्हणजे साधारण वीस मुलांत एक-दोन. उरलेली सगळी आळशी असतात असे नाही. त्यांच्या नंतरच्या आयुष्याविषयी कोणी फ्लेक्स लावत नाही, म्हणून ते आपल्याला दिसत नाही.

वर्षभर थांबून पुन्हा नीट द्यावी का, असेही तू एका कोपऱ्यात विचारले आहेस. ज्याला ते मनापासून हवे आहे आणि जो थोडक्यात चुकला आहे, त्याने जरूर द्यावी. पण खरे सांगण्याची वेळ एक वर्ष पुढे ढकलण्यासाठी रिपीट करणारी बरीच मुले मी पाहिली आहेत. त्यातला तू होऊ नकोस.

तुझ्या पत्रात एकच जागा अशी आहे जिथे तुझी वाक्ये लांब होतात आणि तू स्वतःविषयी बोलायचे विसरतोस. गेल्या उन्हाळ्यात म्हैस अडली, डॉक्टर येईपर्यंत तू रात्रभर गोठ्यात बसलास, त्यांनी हात घालून रेडकू कसे वळवले, तू कंदील कुठे धरलास, हे तू अर्धे पान लिहिले आहेस. यावरून तू पशुवैद्यक हो असे मी म्हणणार नाही. एक तर तिथल्या प्रवेशालाही नीटचेच गुण धरतात, आणि दुसरे म्हणजे अर्ध्या पानावरून कोणाचे आयुष्य ठरवणारी मी कोण! तुझे लक्ष कुठे आपोआप लागते याची ती एक खूण आहे, इतकेच म्हणते. अशा खुणा गोळा कर. परीक्षा संपल्यावरच्या सुट्टीत तीन-चार जणांबरोबर एकेक दिवस काढ: गावच्या दवाखान्यातले जनावरांचे डॉक्टर, रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबमधला कोणी, कृषी सहायक, एखादे माध्यमिक शाळेतले शिक्षक. ‘पगार किती?’ हे सगळेच विचारतात. तू विचार की सकाळी आल्याआल्या पहिले काम काय असते, आणि कुठल्या कामाचा कंटाळा येतो. जीवशास्त्राचा गट घेऊन सीईटी दिलेल्या मुलाला बी.एस्सी. कृषी आहे, त्याचे शासकीय महाविद्यालय कोल्हापुरातच आहे, बी.फार्म. आहे, साधी बी.एस्सी. आहे, जिला प्रवेश परीक्षाही लागत नाही. आणि विज्ञान शाखेतून बारावी झालेल्याला बी.ए., बी.कॉम. किंवा पाच वर्षांच्या कायद्याच्या शिक्षणाकडेही वळता येते. गावात त्याला ‘सायन्स झेपलं नाही’ म्हणतील. म्हणू देत, ते म्हणणारे तुझी फी भरत नाहीत.

‘काय डॉक्टर!’ या हाकेचेही सांगते. ती हाक मारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तुझ्या भवितव्याचा पाच मिनिटेही विचार केलेला नसतो. पारावर बसलेल्या माणसाला जाणाऱ्याशी काहीतरी बोलायचे असते, एवढेच. ‘अजून परीक्षा व्हायची आहे, काका’ म्हणायचे आणि पुढे चालायचे. त्यांच्यासाठी घर टाळलेस, पण त्या भरात दोन महिने आईलाही भेटला नाहीस.

हे सदर पालकही वाचतात, म्हणून त्यांच्यासाठी चार ओळी. मुलगा एकाएकी चांगले गुण सांगू लागला आणि त्याच वेळी घरी येणे टाळू लागला, तर अभिनंदन करण्याआधी त्याला भेटायला जा. गुणांचे कागद मागू नका. रंकाळ्यावर त्याच्याबरोबर एक फेरी मारा, आणि त्या फेरीत अभ्यासाचा विषय तुम्ही होऊन काढू नका. मुलांच्या नावाआधी पदव्या लिहू नका, गंमत म्हणूनही नाही. आणि धाकट्यासाठी थोरलीचे शिक्षण थांबवण्याचा विचार आज कोणाच्या घरात चालू असेल, तर तो धाकटा पुढे मला कसे पत्र लिहितो हे तुम्ही वर वाचले आहे.

तर बाळा, आज संध्याकाळी ताईला फोन कर. शनिवारी निघ. या रविवारी आबांचा फोन यायच्या वेळी तू घरीच असशील, तेव्हा जेवलास का हे त्यांना विचारावे लागणार नाही. आईला मात्र आधी कळव, दोन भाकऱ्या जास्त टाकायला.